डाव्या मुठीचा ब्रेक

विश्रामबाग, सांगली
१८ फेब्रुवारी १९७४

दादा,

हे पत्र डाव्या हातानं लिहिते आहे. अक्षर ओळखू येणार नाही, म्हणून आधीच सांगते की मी विजयमाला. पाटणच्या वर्कशॉपचा पत्ता तुझ्या पलटणीतल्या सिद्धूनं दिला. तू पंप दुरुस्त करतोस आणि तिथंच मागच्या खोलीत राहतोस, एवढंच तो म्हणाला. पुढचं मी विचारलं नाही.

माझी हकीगत अशी. उजवा खांदा निखळला होता आणि दंडाच्या हाडाच्या वरच्या टोकाचा कपचा उडाला होता. खांदा त्याच दिवशी बसवला. चार आठवडे हात छातीशी बांधलेला होता. झोळी काल काढली. व्यायामाचा विभाग मिरजेला आहे आणि साताऱ्याहून रोज जाणं शक्य नाही, म्हणून आबांनी मला इथं हरणाआत्याकडे आणून सोडलं.

आज कोनमापकानं मोजलं. हात समोरून ३५ अंश उचलतो. बाजूनं २५. मागे जवळजवळ नाहीच. ड्रॉइंग बोर्डाच्या वरच्या कडेला पट्टी धरायला मला ११० अंश लागतात. विभागीय परीक्षा १५ जुलैला आहे. पाच तास बोर्डासमोर उभं राहून नकाशा काढायचा असतो. उत्तीर्ण झाले तर ट्रेसरची सहायक आरेखक होईन. नाही झाले तर दुसऱ्यांनी काढलेल्या रेघांवर रेघा ओढत राहायचं.

पत्राचं कारण मात्र वेगळं आहे. मला एक तांत्रिक गोष्ट विचारायची आहे.

२१ जानेवारीला सोमवारी सकाळी मी घरातून निघाले, बोगद्याजवळून खाली उताराला लागले, इथपर्यंत आठवतं. त्यानंतर आठवतं ते दवाखान्याचं छत. मधली साधारण चाळीस मिनिटं माझ्याकडे नाहीत. मी शुद्धीवर आले तेव्हा तू निघून गेला होतास. का गेलास ते मला नंतर कळलं.

सगळे म्हणतात की ब्रेक लागला नाही, कारण तू तो उलटा जोडला होतास. सगळे म्हणजे आबा. वस्तुस्थिती अशी: इतर सायकलींना पुढचा ब्रेक उजव्या मुठीला असतो आणि मागचा डाव्या. लढाईत तुझ्या उजव्या हाताची दोन बोटं गेली, म्हणून तू दोन्ही ब्रेकचे रॉड डाव्या मुठीला जोडून घेतलेस. उजवी मूठ नुसती दिसायला राहिली. मला नोकरी लागल्यावर ती सायकल तू मला दिलीस. मी ती वर्षभर चालवली. रोज जाऊन-येऊन सहा किलोमीटर. एकदाही चुकून उजवी मूठ दाबली नाही.

मग त्याच दिवशी का? मला कळत नाही. तुझं मत कळव.

विजयमाला

ता. क. मी तुला दोष देत नाही. हे वाक्य आधी लिहायला हवं होतं, पण डाव्या हातानं सगळं पान पुन्हा लिहिणं अवघड आहे. तुला लढाईनंतर डाव्या हातानं लिहायला किती दिवस लागले, हे मी कधी विचारलं नव्हतं.


विश्रामबाग, सांगली
९ मार्च १९७४

दादा,

तुझं उत्तर नाही. पत्र पोचलं असं धरून लिहिते.

आजचा कोन ५८. आत्याच्या मधल्या खोलीत भिंतीवर मी पेन्सिलीनं खुणा करते. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि उजव्या हाताची बोटं मुंगीसारखी वर चालवायची. जिथं थांबतील तिथं रेघ आणि तारीख. आत्या सुरुवातीला भिंत खराब होते म्हणून कुरकुरली. आता सकाळी उठल्याबरोबर तीच आधी जाऊन बघते आणि ओरडते, "विजू, काल बोटभर बी सरकली न्हाईस!" प्रत्यक्षात काल नऊ मिलिमीटर सरकले होते.

मिरजेला व्यायाम घेणारी बनुबाई म्हणून मदतनीस आहे. वय पंचावन्न असेल. तिनं माझं नाव "इंजिनेर" ठेवलंय. मी ट्रेसर आहे, इंजिनिअर नाही, असं तिला सांगितलं.

"मग काय करता तुमी?"

"साहेबांनी काढलेल्या नकाशावर पारदर्शक कापड ठेवायचं आणि शाईनं नकाशा त्यावर उतरवायचा."

"म्हंजी गिरवता."

"हो."

"मग हितं बी गिरवा. मी हात वर केला की तुमी बी करा. आन् तोंड कशापायी वाकडं? खांदा दुखतुया, तोंड न्हवं."

तिथं छताला कप्पी आहे. दोरीची दोन टोकं दोन हातांत धरायची आणि चांगल्या हातानं वाईट हात वर ओढायचा. घरीही तेच करायला सांगितलंय. आत्यानं पाणी शेंदायची जुनी कप्पी आढ्याला बांधून दिली. ती इतकी करकरते की शेजारची मुलं खिडकीत गोळा होतात. शिवाय ती एका बाजूला अडकते.

अपघाताच्या मी तीन आकृत्या काढल्या आहेत. उतार साधारण बाविसास एक, म्हणजे बावीस फुटांत एक फूट. रस्त्याची रुंदी अंदाजे धरली. आबांनी सांगितलं की समोर मेंढरं आडवी आली होती. पहिल्या आकृतीत मी मेंढरं पाहून डावा ब्रेक दाबते आणि तो तुटतो. पण त्याच दिवशी सिद्धूनं सायकल पाहिली, दोन्ही रॉड शाबूत होते. दुसऱ्या आकृतीत मी घाबरून उजवी मूठ दाबते. पण माझी सवय डावीची आहे, घाबरल्यावर माणूस सवयीनंच वागतं. तिसऱ्या आकृतीत मी ब्रेक दाबतच नाही. याला कारण काय, ते लिहिता येत नाही.

तिन्ही आकृत्या एकाच वेळी चूक असू शकत नाहीत. तरी आहेत.

काल आत्यानं माझी झोळी धुऊन वाळत घातली. म्हणाली, "कापड लय मऊ हाय गं. दवाखान्यातलं न्हाई वाटत."

मी म्हटलं, असेल कुठलं तरी. आणि पुसायला घेऊ नको, ठेवून दे.

विजयमाला


विश्रामबाग, सांगली
२ एप्रिल १९७४

दादा,

पार्सल मिळालं. चिठ्ठी नव्हती. मी पुठ्ठ्याच्या घड्यासुद्धा उलगडून पाहिल्या.

कप्पी उत्तम आहे. आत बेअरिंग बसवलंस, त्यामुळे आवाज शून्य. दोरी सुटू नये म्हणून दोन्ही बाजूंना पत्र्याचे कान काढलेत, तेही चांगले. आत्या म्हणाली, "ही कुठनं आली?" मी म्हटलं पाटणहून. दुपारी तिनं शेंगदाण्याची चटणी कुटली आणि म्हणाली, "पाटणला कोन जात असंल तर दिऊ." अजून कोणी जाणारं सापडलेलं नाही. बरणी माझ्या टेबलावर आहे.

पार्सलवरचं अक्षर डाव्या हाताचं आहे. आधी मला ते नुसतं वाकडं वाटायचं. आता त्यातलं 'स' कुठं अडतं आणि का अडतं, ते कळतं.

आजचा कोन ८४.

मागच्या पत्रात एक गोष्ट राहिली. राहिली असं नाही, मी लिहिली नव्हती. सायकल देताना तू म्हणाला होतास, "थांब, रविवारी ब्रेक सरळ करून देतो. तुला दोन्ही हात हायत." मी म्हटलं होतं, नको, मला सवय होईल. तू पुन्हा विचारलंस. मी म्हटलं, "दादा, मी तांत्रिक शिक्षण घेतलेली मुलगी आहे. ब्रेक कुठं आहे एवढं लक्षात राहील माझ्या." तू हसलास आणि पान्हा खिशात टाकलास.

हे आबांना माहीत नाही. तू त्यांना सांगितलं नाहीस, हे मला त्यांच्या बोलण्यावरून कळलं. का सांगितलं नाहीस?

आणि मी का सांगितलं नाही, हे तू विचारशील. ते मी रोज कप्पीखाली बसून ठरवायचा प्रयत्न करते. एका टोकाला ओढलं की दुसरं टोक वर जातं. यापलीकडे काही निष्कर्ष निघालेला नाही.

विजयमाला


विश्रामबाग, सांगली
१४ मे १९७४

दादा,

रेल्वेचा संप चालू आहे. टपाल कसं जातंय कुणाला माहीत नाही, म्हणून हे पत्र पाटण गाडीच्या कंडक्टरच्या हाती देते आहे. चटणीची बरणीही दिली आहे. पत्र नाही पोचलं तरी चटणी पोचेल असं आत्या म्हणते. तिचा कंडक्टरवर माझ्यापेक्षा जास्त विश्वास आहे.

आजचा कोन १०२. बनुबाई म्हणाली, "इंजिनेर, आता देवाला हात जोडता येतील." मी म्हटलं त्याला एवढा कोन लागत नाही. ती म्हणाली, "मग आधी का जोडत न्हवता?"

या वेळी नीट क्रमानं लिहिते.

अपघाताच्या दिवशी माझ्याकडे एक पत्र्याची नळी होती. आमच्या कचेरीत नकाशे ठेवायला असतात तशी, हातभर लांब. तिच्यात कालव्याच्या एका फाट्याचं मूळ ट्रेसिंग होतं. मूळ ट्रेसिंग कचेरीबाहेर न्यायला सक्त मनाई आहे. मी ते शनिवारी संध्याकाळी घरी नेलं.

कारण: शुक्रवारी मला वाटलं की ओढ्यावरच्या मोरीची जागा मी चुकीची टाकली. ट्रेसिंगवर १२६० मीटर होतं आणि माझ्या टिपणवहीत १६२०. परीक्षेला सहा महिने राहिले होते. लालासाहेब, आमचे मुख्य आरेखक, माझ्या नावाची शिफारस करणार होते. त्यांना चूक दाखवण्यापेक्षा रविवारी घरी ब्लेडनं आकडा खरवडून नवा घालायचा आणि सोमवारी कचेरी उघडताच कपाटात ठेवायचं, असं मी ठरवलं. अकराला त्याच्या प्रती निघणार होत्या. त्याआधी पोचायचं होतं.

ट्रेसिंगचं कापड म्हणजे खळ दिलेलं तलम सुती कापड. काचेसारखं कडक आणि निळसर. त्यावर पाण्याचा थेंब पडला तरी डाग पडतो. पूर्ण भिजलं तर खळ जाते, शाई जाते आणि खाली नुसतं मऊ कापड उरतं. कचेरीतल्या बायका बाद झालेली ट्रेसिंगं धुऊन तान्ह्या मुलांची झबली शिवतात.

आता तुला झोळी कसली होती ते कळलं असेल. मला ते दवाखान्यातच कळलं. कापडाच्या कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण पुसट दिसत होता.

ते माझ्या गळ्यात कुणी बांधलं हे मला माहीत नाही. नळी कुठं गेली माहीत नाही. माझ्या तीन आकृत्यांपैकी एकीतही मी नळी काढलेली नाही, हे माझ्या काल लक्षात आलं. मला वाटतं ती कॅरिअरवर होती. मला वाटतं असं लिहिते आहे, आठवतं असं लिहीत नाही. नळीचा पट्टा आदल्या आठवड्यात तुटला होता, त्यामुळे खांद्याला अडकवलेली नसणार.

कचेरीत समजूत आहे की ट्रेसिंग चुकीच्या कपाटात गेलं असावं. त्यांनी फेब्रुवारीतच दुसरं करून घेतलं. मला कोणी विचारलं नाही. मी सांगितलं तर परीक्षेची शिफारस जाईल. नाही सांगितलं तर आबा जे समजतात ते तसंच राहील. दोन्ही वाक्यं खरी आहेत. त्यांची बेरीज होत नाही.

विजयमाला


सातारा
९ जून १९७४

दादा,

शुक्रवारी घरी आले. आजचा कोन ११८. बोर्डाला पुरतो.

तुझी सायकल पडवीत आहे. पुढचं चाक धरणारा चिमटा सरळ केलेला, चाक रेषेत. जाण्याआधी तू हे केलंस असं आबा म्हणाले. मग मी ब्रेक पाहिले. पुढचा रॉड तू उजव्या मुठीला जोडलास आणि मागचा डाव्या. सगळ्या सायकलींसारखं. उजव्या बाजूच्या नटाच्या कडा झिजल्यात, पान्हा तीन-चार वेळा सटकला असावा. तुझ्या त्या हातानं तो नट आवळायला किती वेळ लागला असेल याचा अंदाज मी केला. लिहीत नाही.

काल दुपारी एक माणूस दारात आला. घोंगडी, पटका, हातात काठी. रस्त्यावर त्याची मेंढरं उभी होती. त्यानं मला पाहिलं आणि आधी खांद्याकडे बघितलं.

"बसला का खांदा, ताई?"

"बसला. तुम्ही कोण?"

"धुळा. मेंढरं माजी हुती." मग घाईघाईनं म्हणाला, "कोकणातनं माघारी निघालोय, आमच्या गावाकडं. म्हटलं इचारून जावं. पाच म्हैनं डोसक्यात हाय बगा. माज्याच मेंढरांनी घात केला."

त्यानं घोंगडीतून नळी काढून पायरीवर ठेवली. झाकण नव्हतं. आत त्यानं मेंढरांच्या औषधाच्या पुड्या ठेवल्या होत्या, त्या काढून घेतल्या.

मी विचारलं, "ही तुम्हाला कुठं सापडली? सायकलच्या मागं?"

"मागं कशी? तुमच्या हातात हुती की."

"कुठल्या हातात?"

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला वाटलं असावं डोक्यालाही मार बसला आहे. "डाव्या. उजव्यानं दांडा धरला हुता, डाव्यात ही. मेंढरं आली तशी तुमी उजव्यानं नुसतं दाबत हुता, दाबत हुता. सायकल काय थांबंना. म्या वरडलो, 'आवं ताई, टाका ती नळी!' तर तुमी टाकली न्हाई. उलट छातीशी धरली. मग गेला कडंच्या चरात."

"मी ऐकलं नसेल."

"ऐकलं की. माज्याकडं बगितलं."

नळी चरातल्या पाण्यात उघडली, कापड बाहेर येऊन भिजलं. हात लोंबत होता, बांधायला काही नव्हतं. धुळा म्हणाला, "पटका काडला हुता, पर त्याला मेंढरांचा वास. म्हटलं दवाखान्यात चांगल्या घरची पोर न्यायची. ते पांढरं कापड मऊ पडलं हुतं, तेच बांदलं. काय महत्त्वाचं हुतं का त्यात?"

मी म्हटलं, नव्हतं.

त्याला चहा दिला. तुमच्या मेंढरांची चूक नव्हती, असं त्याला तीन वेळा सांगितलं. तिसऱ्या वेळी त्यानं मान्य केलं. जाताना म्हणाला, "एक बी दगावलं न्हाई म्हना." ते मेंढरांबद्दल होतं.

म्हणजे चौथी आकृती. डाव्या मुठीवर हात नव्हताच. ब्रेक तू जसा जोडला होतास तसा बरोबर होता. ब्रेक सोडून नळी धरायची की नळी सोडून ब्रेक, यात मी नळी निवडली. मला अजून आठवत नाही. पण धुळा सांगत होता तेव्हा ते मला माझंच वाटलं. दुसऱ्या कुणाचं वाटलं नाही.

मी त्याला आणखी एक विचारलं. तुम्ही त्याच दिवशी हे आमच्या वडिलांना का नाही सांगितलं?

"आलो हुतो दवाखान्यात सांगाया. तर म्हातारं त्या फौजी पोरावर भडकलं हुतं. लय वाईट बोललं. मग आपन मधी कशाला."

दादा, पहिल्या पत्रात मी लिहिलं की शुद्धीवर आले तेव्हा तू निघून गेला होतास. ते खोटं आहे. मी जागी होते. डोळे मिटलेले होते. आबा म्हणाले, "सवताचा हात घालवलास, आता भनीचा बी घालवलास." खाटेच्या कडेला तुझा हात होता, तो तू उचललास. तेव्हा मी डोळे उघडून एक वाक्य बोलले असते तर पुरलं असतं. माझ्या छातीवर ते कापड होतं आणि त्यावरचा बाण मी आधीच पाहिला होता. मी डोळे उघडले नाहीत.

ही पाच महिन्यांची चूक आहे. मोजली आहे म्हणून कमी होत नाही.

विजयमाला


सातारा
३० जून १९७४

दादा,

घडलं त्या क्रमानं लिहिते.

दहा तारखेला कचेरीत हजर झाले. लालासाहेबांना सगळं सांगितलं. झोळीची घडी त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती उलगडली, उजेडात धरली आणि बाण शोधला. मग मोजणीची मूळ वही मागवली. मोरीची जागा १२६० मीटरच होती. ट्रेसिंग बरोबर होतं, माझी टिपणवही चूक होती. रविवारी दुपारभर बसून मी बरोबर आकडा खरवडला होता आणि चुकीचा घातला होता.

लालासाहेबांनी वही मिटली. मग म्हणाले, "बरं झालं पडलीस. न्हायतर मोरी एकाच्या शेतात आणि ओढा दुसऱ्याच्या शेतात, असा कालवा झाला असता." मला वाटलं एवढ्यावर सुटले. पण त्यांनी चष्मा काढला. "मेमो द्यावा लागंल. आणि शिफारस पुढच्या वर्षी. चुकीबद्दल न्हाई, घरी नेल्याबद्दल न्हाई. जानेवारीत सांगितलं न्हाईस त्याबद्दल."

मी म्हटलं, होय साहेब.

झोळी त्यांनी परत दिली नाही. मूळ ट्रेसिंग आहे, कपाटात जमा करावं लागतं. शिपायानं तिला जुना क्रमांक घालून ठेवलं. धुतल्यावर बाणाशिवाय काही उरलेलं नाही, तरी.

आबांना त्याच संध्याकाळी सांगितलं. ते पडवीत मिशीला तेल लावत होते. मी उभी राहून सांगितलं: ब्रेक बरोबर होता, दादा बदलून देतो म्हणाला होता, मी नको म्हटलं, नळी डाव्या हातात होती, आणि तुम्ही त्याला बोललात तेव्हा मी जागी होते.

त्यांनी तेलाची वाटी खाली ठेवली.

"जागी हुतीस?"

"होय."

"आन् गप ऱ्हायलीस."

"होय."

"माज्यावर गेलीस," ते म्हणाले. "त्यो आईवर गेलाय." आणि उठून आत गेले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी मी पडवीत आले तर ते सायकलची साखळी पुसत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "आता त्याला कुठल्या तोंडानं बोलवू?"

मी म्हटलं, मी लिहिते.

"लिही. म्हाताऱ्याची जीभ सुटली म्हनावं. माजं नाव घालून लिही."

घातलं आहे. नानासो, हेच ते नाव. त्यांनी पाहून खात्री केली.

आता सायकलचं. परवा मी ती उतारापर्यंत चालवत नेली आणि तिथून हातात धरून परत आणली. डॉक्टर म्हणतात खांदा कामाला येईल, पण झटका बसेल असं काही उजव्या हातानं करायचं नाही, निदान वर्षभर. उतारावर पुढचा ब्रेक म्हणजे झटकाच. तू जाताना तो नियमाप्रमाणे उजव्या मुठीला जोडलास. सगळ्यांना चालेल असा. मला चालत नाही. मला दोन्ही ब्रेक डाव्या मुठीला लागतात, तू आधी केले होतेस तसेच.

आपल्या आळीतल्या सायकलवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "असलं उलटं काम आपन करत न्हाई. कुनी जोडलं हुतं त्यालाच सांगा."

म्हणून सांगते आहे.

नट झिजलेला आहे, पान्हा सटकतो. दोन माणसं लागतील. मी उजव्या हातानं पान्हा नटावर दाबून धरीन, तेवढं जमतं, करून पाहिलं. पिळायचं तू डाव्यानं. आजचा कोन १२४.

परीक्षा १५ जुलैला आहे, सोमवारी. त्या दिवसासाठी घेतलेली रजा मी रद्द केलेली नाही. पाटणहून सकाळी निघालास तर दुपारच्या आत पोचशील. बरणी रिकामी झाली असेल तर घेऊन ये, आत्यानं दुसरी भरून पाठवलीय.

सायकल पडवीतच आहे.

विजू